रिंग निजली आहे

सातपूरच्या त्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीला सगळे 'झोपायची खोली' म्हणतात. बाहेर मे महिन्याच्या उन्हानं पत्रे तापले, तरी आत बारा महिने वीस अंश. मशीनवरून उतरलेला विमानाचा भाग गरम असतो, अंगानं किंचित फुगलेला असतो. त्याला इथं चार तास निजवायचं, आणि पुरता गार झाला की मगच मोजायचा. नव्या माणसाला संध्या आहेर आधी हेच शिकवते, "गरम धातूवर विश्वास ठेवायचा नाही. तो नेहमी मोठेपणा सांगतो."

संध्या मूळची कळवणची. एकोणीस वर्षांत सीनियर प्रॉडक्शन इंजिनिअर झाली, पण स्वप्नाळूपणा काही गेला नाही. काचेपलीकडे निजलेला भाग पाहिला की बाईंची तंद्री लागलीच. भाग कुठल्या विमानात बसणार, हे तिलाही कळत नाही. ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो. मग ती आपलं आपणच ठरवते. हा डोंगरांवरून जाईल, हा समुद्रावरून, आणि एखादा कळवणवरून, आई गच्चीवर कुरडया वाळत घालत असेल तेव्हा.

आज आत निजली होती मशीनवरच्या लखन शिरसाठांची शेवटची रिंग. लखनभाऊ आज रिटायर होत होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही भाग वाया गेला नव्हता. संध्याला मशीनचं काम शिकवलं तेही त्यांनीच. नेमक्या मापाला आणणारा शेवटचा कट घेण्याआधी ते भाग गार होऊ देत. साहेब ओरडले तरी हाताची घडी घालून अर्धा तास उभे राहत. आज मात्र सगळा विभाग हार घेऊन भोवती जमला होता, फोटो काढायचा होता, आणि संध्याच हसत म्हणाली होती, "भाऊ, घ्या ना कट, सगळे ताटकळलेत." त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कट घेतला. टाळ्या पडल्या.

ते अकराला. आता तीन वाजत आले होते आणि संध्या पुन्हा काचेशी येऊन उभी होती. काचेआड रिंग गार होत होती, म्हणजे आकसत होती, आणि तिला वाटत होतं, ही झोपेत हळूहळू श्वास सोडतेय. थांब गं, फार सोडू नकोस, ती मनात म्हणत होती. एवढी शिकलेली बाई धातूची मनधरणी करत होती, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

लखनभाऊ आले. गळ्यात हार तसाच. दोघं आत गेले. तिनं मोजलं, पुन्हा मोजलं. बाहेरचा व्यास नऊ मायक्रॉन कमी भरला. माणसाचा केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो, पण विमानाला एवढंही चालत नाही. रिंग गेली.

तिनं भाग बाद केल्याची लाल चिठ्ठी काढली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'भाग गरम असताना शेवटचा कट, माझ्या सांगण्यावरून', आणि खाली सही केली.

"तुमचं नाव यात येत नाही, भाऊ," ती म्हणाली. "तुमची एकतीस वर्षं तशीच राहतील."

लखनभाऊंनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "उद्या गावी विंचूरला जाऊन लोकांना मी तेच सांगीन बी, मॅडम. पण मला ठाऊक हाय ना. तुम्ही म्हणालात खरं, पण थांबायचं का नाय, ते माझ्या हातात व्हतं." त्यांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. "मला बी फोटो पाहिजे व्हता."

त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि तिच्या सहीखाली सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.