हसाकाकाच्या पाटीचा फोटो

आमच्या नात्यातले लोक म्हणतात, आई फार क्षमाशील. त्यांना आई कळलेलीच नाही. ती गप्प बसते एवढंच, आणि गप्प बसणाऱ्याने माफ केलं असं धरून चाललं की बाकीच्यांची सोय होते. मी तिची मुलगी. तिच्या पोटात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण माझ्याही पोटात तेच होतं. फरक इतकाच की माझ्या तोंडावाटे ते येता-जाता बाहेर पडायचं.

आई-बाबांनी मिळून फोटो स्टुडिओ काढला होता. बाबा गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंगवायचे, फोटो आई काढायची. अंधाऱ्या खोलीत उभी राहून ते धुवायचीही तीच. म्हणून बाबांनी स्टुडिओला तिचं नाव दिलं. पत्र्याची पाटी रंगवताना ते पेंटरच्या डोक्यावर बसले होते. "अजून एक हात मार. अजून एक." शेवटी पेंटर वैतागून म्हणाला, "साहेब, पत्रा गंजेल, पण वहिनींचं नाव नाही जायचं."

बाबांचा धाकटा भाऊ तेव्हा रिकामाच फिरायचा. त्याला आईने कॅमेरा धरायला शिकवलं. तो शिकला एकच गोष्ट. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं रे बसलं की "हसा, हसा!" म्हणून ओरडायचं. म्हणून आम्ही मुलं त्याला हसाकाका म्हणायचो. त्याच्या फोटोत माणसं छान हसायची, पण निम्मी डोकी चौकटीबाहेर असायची.

जागेचे कागद करायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "घाला धाकट्याचं नाव, तो काय परका आहे?" बाबा माणूस म्हणून देव होते आणि व्यवहारात दगड. ते अचानक गेले. आई अंथरुणातून उठून पहिल्यांदा दुकानाकडे गेली, तर दाराला नवं कुलूप आणि पाटीवर नवा निळा रंग. त्यावर पांढऱ्या अक्षरांत काकाचं नाव. आयत्या बिळावर नागोबा. त्याला अहोजाहो करणं मी त्या दिवसापासून सोडलं.

दुकान गेलं ते आईने गिळलं. पण काका तेवढ्यावर थांबला नाही. कुणी जुनं गिऱ्हाईक आईची चौकशी करायला गेलं की तो हसून सांगायचा, "वहिनी ना? त्या फोटो वाळत घालायच्या दोरीवर. घरचंच माणूस, हाताखाली बरं पडायचं." हे आईच्या कानावर आलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिने एकच पातेलं इतका वेळ घासलं की मी ते हातातून काढून घेतलं. दुकानासाठी कदाचित तिने त्याला सोडलंही असतं. ह्या वाक्यासाठी ती सोडणार नव्हती.

पुढे तिला एका ग्राहक मासिकात काम मिळालं. बाजारात येणाऱ्या वस्तू हे लोक स्वतः वापरून तपासतात आणि जसं असेल तसं छापतात. कंपन्यांच्या जाहिराती घेत नाहीत. आईकडे कॅमेरे असायचे. लोक तिचा लेख वाचून दुकानात जायचे, आणि दुकानदार तिच्या नावाने बोटं मोडायचे. अशी बरीच वर्षं गेली. काकाच्या स्टुडिओचं मात्र वाईट झालं. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आल्यावर तिथे काळं कुत्रंही फिरकेना.

आणि एके दिवशी काका बिस्किटांचा पुडा घेऊन आमच्या दारात हजर.

"वहिनी, कशा आहात? अगदी तश्शाच!" खुर्चीवर बसायच्या आधीच त्याने खिशातून एक कॅमेरा काढला. खिशात मावणारा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा जाड. बटण दाबलं तर पुढून एक नळी बाहेर आली, तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी. "लांबच्या झूमचा आहे. अख्ख्या शहरात एकट्या माझ्याकडे. तुमच्या मासिकात परीक्षा व्हायची आहे, म्हटलं तपासणीचा नग स्वतःच नेऊन द्यावा. आता माझं दुकान ह्याच्यावरच आहे वहिनी. तुम्ही दोन शब्द बरे लिहिलेत तर तरलो."

"जे असेल ते लिहीन," आई म्हणाली.

"तेच तर! आणि एक विनंती. तुम्ही गच्चीवरून लांबच्या अक्षरांचा फोटो काढता ना?"

हे खरं होतं. मासिकाच्या कचेरीच्या गच्चीवरून दूरच्या इस्पितळाच्या नावाचा फोटो काढायचा, प्रत्येक कॅमेऱ्याने तोच, म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते कळतं, अशी त्यांची रीत होती. पण तेव्हा इस्पितळाच्या भिंतीला डागडुजीसाठी जाळी लावलेली होती आणि दुसरी अक्षरं शोधणं चाललं होतं.

"माझीच पाटी घ्या की! रस्ता वळतो तिथेच तर आहे, तुमच्या गच्चीच्या थेट समोर. तुमचं काम होईल, माझं नाव छापून येईल."

आईने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "संपादकांना विचारते."

तो गेल्यावर मी बिस्किटांचा पुडा कचऱ्यात टाकला. "आई, तुझ्या हातात सापडलाय तो. लिही, भंगार आहे. एका ओळीत संपव त्याला."

"खोटं लिहिलं तर तो सुटला," आई शांतपणे म्हणाली. "वहिनीने दावा साधला म्हणून गावभर सांगेल, आणि लोकांना पटेलही. खरं लिहिलं की त्याच्याकडे उत्तर उरत नाही."

मला हे गुळमुळीत वाटलं. मी रागाने दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

तिने संपादकांना नातं सांगितलं. ते म्हणाले, फोटो दुसरे परीक्षकही बघतील, मग हरकत नाही. पाटीलाही त्यांची ना नव्हती. मग आईने त्या कॅमेऱ्याचा पिच्छा पुरवला. तो खिशात कोंबून ती बाजारात फिरली. दिवेलागणीला काढलेल्या फोटोंत रांगोळी विखुरल्यासारखे ठिपके आले, ते तिने टिपून ठेवलं. उन्हात मागचा पडदा आरशासारखा व्हायचा, चित्राऐवजी स्वतःचंच नाक दिसायचं. जवळच्या फोटोंत कोपरे मऊ पडायचे. झूम पूर्ण ताणून पळत्या कुत्र्यावर धरला, तर कॅमेरा कुत्रा शोधत मागे-पुढे करत राहिला आणि कुत्रा गल्लीबाहेर गेला. मला ह्या प्रत्येक खोडीने गुदगुल्या होत होत्या.

पण स्थिर वस्तूवर तो पट्ठ्या भारी निघाला. कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास धरून आई झूम ताणायची, आत कसलीशी यंत्रणा हाताचं थरथरणं पोटात घ्यायची, आणि उघड्या डोळ्यांना निळा ठिपका वाटणारी काकाची पाटी पडद्यावर स्वच्छ उभी राहायची. खिळेसुद्धा मोजता यावेत इतकी. माझं तोंड कडू झालं. ह्या कॅमेऱ्याची स्तुती करावी लागणार होती.

दुपारचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघताना आई एकदम थांबली. काकाच्या नावाच्या बाजूला तिने बोट टेकवलं. "इथे काय दिसतंय?"

"काही नाही. रंग."

"हं," म्हणाली, आणि कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी लवकर गच्चीवर जाऊ लागली. एक दिवस ढग, एक दिवस धुकं. ती चिडली नाही. घरी येऊन चहा घ्यायची आणि परत दुसऱ्या सकाळी निघायची. इतका हुरूप मी तिच्यात बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता. मग एका सकाळी तिने मला बरोबर नेलं. सूर्य नुकताच वर आला होता आणि ऊन त्या दुकानाच्या भिंतीला घासत, एका बाजूने आडवं येत होतं.

"उजेड समोरून आला की चेहरा सपाट दिसतो," ती म्हणाली. "बाजूने आला की सुरकुत्या दिसतात. हे मी तुझ्या काकाला शिकवलं होतं. बघ आता."

मी कॅमेरा धरला, झूम ताणला. पाटी हलली, डगमगली आणि स्थिर झाली. काकाचं पांढरं नाव होतंच. पण त्याच्या खाली, त्या निळ्या रंगाला आतून ढकलत, दुसरं नाव वर आलं होतं. बाबांनी हातावर हात मारून घेतलेला तो जाड रंग. काकाने कंजुषीने पाटी न खरवडताच वरून पातळ निळा फिरवला होता. प्रत्येक अक्षराला आपापली सावली होती, कानामात्रेसकट. माझ्या आईचं नाव.

मी किंचाळलेच.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "कॅमेरा हलतो."

संपादकांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. "दुपारचाही चांगला आहे की."

"दुपारच्यात नुसती अक्षरं वाचता येतात," आई म्हणाली. "सकाळच्यात रंगाचे थर दिसतात. लांबून बारकावा किती दिसतो, हेच वाचकाला हवंय ना?" दुसऱ्या परीक्षकांनीही सकाळच्याच फोटोवर बोट ठेवलं. त्यात तिने एका ठिपक्याचाही फेरफार केला नव्हता.

अंक निघाला. आईने सगळे दोष लिहिले होते, संध्याकाळचे ठिपके, उन्हातला पडदा, कुत्रासुद्धा. आणि शेवटी लिहिलं होतं, "दूरचं आणि दडलेलं, दोन्ही स्पष्ट दाखवणारा ह्या आकाराचा असा कॅमेरा मी अजून पाहिलेला नाही. स्थिर दृश्यं टिपणाऱ्यांनी जरूर घ्यावा."

काकाचा आनंद गगनात मावेना. मासिक आपलं पान कुणाला जाहिरातीसाठी वापरू देत नाही, पण अंक विकत घेऊन दारात लावायला कुणाची बंदी नव्हती. त्याने ते पान स्वतःच्या हाताने दर्शनी काचेला चिकटवलं. शेजारी एक भलंमोठं भिंग टांगलं, लोकांनी बारकावा बघावा म्हणून! तुम्ही म्हणाल, त्याला दिसलं कसं नाही? अहो, हसाकाकाला स्वतःचं नाव दिसलं की बाकीचं जग दिसत नाही. हा त्याचा जन्मापासूनचा आजार.

तपासणीचा नग परत करायचा होता, म्हणून आम्ही दोघी दुकानात गेलो. त्या उंबऱ्यावर आई इतक्या वर्षांनी पाय ठेवत होती. काचेपाशी घोळका होता. चष्मेवाले एक आजोबा भिंग धरून वाकले होते.

"मालक," ते ओरडले, "खाली हे आणखी कुणाचं नाव आहे हो?"

"कुठे? माझंच आहे ते!"

"तुमच्या नावाच्या खाली म्हणतोय मी." आजोबांनी बोट फिरवत, अडखळत, एकेक अक्षर जोडत आईचं नाव मोठ्याने वाचलं. मागून कुणी तरी म्हणालं, "अरे, हा तर त्या बाईंचा स्टुडिओ! माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते." मग सगळ्यांनाच भिंग हवं झालं.

काका बाहेर आला. पानाकडे पाहिलं, भिंग हिसकावून पुन्हा पाहिलं, मग मान वर करून पाटीकडे. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. पान फाडायला त्याने हात उचलला आणि तसाच ठेवला. ते फाडलं तर विकायचं काय? शहरात त्याच्या बाजूने बोलणारं तेवढं एकच पान होतं.

वळला तर समोर आई.

"वहिनी," तो पुटपुटला, "हे तुम्ही..."

"मी काय केलं, भावोजी? तुम्ही दिलेल्या कॅमेऱ्याने तुम्ही सांगितलेल्या पाटीचा फोटो काढला." तिचा आवाज गोड होता. तो इतका गोड मी कधी ऐकला नव्हता. "आजोबांनी काही विचारलंय तुम्हाला. सांगा ना, कुणाचं नाव आहे ते?"

घोळका जवळ सरकला. काकाने हातातलं भिंग खाली केलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा, चार लोकांसमोर, त्याच्या तोंडून माझ्या आईचं नाव निघालं. "स्टुडिओ त्यांचा होता," तो म्हणाला. "फोटो... फोटो त्या काढायच्या."

मला वाटलं, झालं, आई आता कॅमेरा काउंटरवर ठेवेल आणि आम्ही घरी जाऊ. तिने बटण दाबलं. नळीतून नळी बाहेर आली. तिने कोपरं बरगड्यांना टेकवली, श्वास धरला, आणि काका, काच, पान, वरची पाटी असं सगळं चौकटीत नीट बसवलं. डोकं न कापता.

"भावोजी," ती म्हणाली, "हसा."