दाराआडचं हसू

ब्वेनोस आयरेसमध्ये मनोविश्लेषक व्हायचं तर आधी स्वतः वर्षानुवर्षं कोचावर आडवं पडून बोलावं लागतं. नेलिदाचं एका डॉक्टरीणबाईंकडे तेच चाललं होतं. तिच्या आधीची वेळ होती तिच्याच वर्गातल्या ओफेलियाची. नेलिदा लवकर येऊन बेल वाजवायची आणि बाहेर बसायची. जरा टेकते न टेकते तोच आतून ओफेलियाचं खळखळून हसणं यायचं, की हिच्या पोटात दुखायला लागायचं.

“सटवीने बाईंना पार खिशात घातलंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “माझ्यापुढे मात्र बाई मख्ख.”

“मग तूही सांग एखादा विनोद,” नवरा ‘माते’चा कडू चहा ओतत म्हणाला.

शेवटी काहीतरी थाप मारून तिने ओफेलियाशी वेळ बदलून घेतली. पहिल्याच दिवशी ती कोचावर आईच्या आठवणीने रडत होती, तेवढ्यात बेल वाजली. ओफेलिया आली होती. नेलिदाने डोळे पुसले आणि ती मोठमोठ्याने हसू लागली.

मागच्या खुर्चीतून डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, “हे कोणाला ऐकवताय?”

नेलिदा हसता हसता थांबली. तिच्या लक्षात आलं, ओफेलियाही रोज हिची बेल वाजल्यावरच हसायला लागायची.