झिऱ्यावर आलेलं तेल

तो माणूस सकाळी उपकेंद्रात आला, तेव्हा टँकरबद्दल एक शब्दही बोलला नाही. मनगट सुजलेलं, कपाळाला खोक आणि अंगाला डांबरासारखा वास. "गाडीवरून पडलो," एवढंच म्हणाला. मी खोक धुतली, मनगटाला पट्टी बांधली आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन हाडाचा फोटो काढून घ्या म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि पहिली जीप मिळाली तिच्यात बसून निघून गेला. जीप तालुक्याच्या उलट दिशेला जाणारी होती. मोटारसायकलवरून पडलेल्याच्या पँटला माती लागते. याच्या पँटला तेल होतं. मला तेव्हाच खटकलं होतं, पण मी काही विचारलं नाही.

मी तेव्हा पेठच्या बाजूला एका पाड्यावर नर्स होते. नवऱ्याची नोकरी नाशिकला. मी आठवडाभर उपकेंद्रामागच्या खोलीत राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी जायची. पाडा कोकणा आदिवासींचा. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नागली आणि वरई. भात झोडून झालं की निम्मी घरं कुलूप लावून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जायची. माझं माहेर निफाडकडचंच. त्यामुळे मी त्यांच्यासाठी सिस्टर होते, तशीच बागायतवाल्यांची मुलगीही होते. हे कुणी बोलून दाखवत नसे, मला मात्र ते ठाऊक होतं.

तो जखमी माणूस गेला, आणि मी हात धुतेय तोवर मावशी दारात उभी. मावशी म्हणजे पाड्यातली शेळ्या राखणारी बाई. तिची सून पोटुशी होती, म्हणून तिचं माझ्याकडे येणं-जाणं असायचं. तिनं रिकामा हंडा माझ्यासमोर धरला. हंड्याच्या काठाला काळी, चिकट पट्टी.

"सिस्टर, पानी काला झाला. तू बघाय चल."

पाड्याचं पिण्याचं पाणी झिऱ्याचं. ओहोळाच्या वाळूत खड्डा खणलेला, त्यात पाणी पाझरून साठायचं. मी गेले तर पाण्यावर काळी साय धरलेली. वर घाटाच्या वळणावर टँकर दरीच्या बाजूला कलंडला होता. कारखान्यांच्या बॉयलरला लागतं ते काळं, दाट तेल त्यातून वाहत होतं. थंडीचे दिवस, गार पाण्यात ते घट्ट होत चाललं होतं आणि दगडादगडाला चिकटून खाली सरकत होतं.

कुणाची वाट न बघता बायापुरुष कामाला लागले. घराघरातून पेंढा आणला. त्याच्या जाड पेंढ्या बांधून झिऱ्याच्या वरच्या अंगाला आडव्या लावल्या. बांधायला काही सापडेना, तेव्हा मावशीनं डोक्यावरची छापील फडकी ओढली आणि तिच्या चिंध्या केल्या. मी उपकेंद्रातले हातमोजे आणले, पण ते पुरणार कुठून? बाकीचे उघड्या हातांनीच तेलात उतरले.

काम चालू असताना एकानं माझ्याकडे न बघता विचारलं, "तो डायवर तुझ्याकडं आला होता ना?"

"आला होता. गाडीवरून पडलो म्हणाला."

"आन् तू त्याला जाऊ दिला."

मी पुढची पेंढी उचलून दिली. तो गेला होता हे खरंच होतं.

दुपारी पोलीस आले, पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी साफसफाईचा ठेका घेतलेल्यांची माणसं आली. नारिंगी जाकिटं, पांढऱ्या गाद्यांसारखे तेल शोषणारे तुकडे, पंप, गोण्यांचे ढीग. त्यांचा सुपरवायझर नाशिकचाच होता. बोलायला फार गोड. "मॅडम, अजिबात टेन्शन घेऊ नका. आम्ही गेल्यावर इथे काही झालं होतं हेसुद्धा कळणार नाही." त्याच्या तोंडी हे दिलाशाचं बोलणं होतं. मला त्याचा दुसराच अर्थ ऐकू आला.

पाड्यासाठी पाण्याचा टँकर सुरू झाला, तर कुणी हंडा लावेना. "काल तेलाचा टँकर आला, आज पान्याचा. त्योच धुवून आनला नसंल कशावरून?" एका म्हाताऱ्यानं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि ओतून टाकलं. शेवटी बाया लांब डोंगरापलीकडच्या पाझरावर जाऊ लागल्या. मला ते वेडेपणाचं वाटलं. टँकरचं पाणी मी स्वतः प्यायले आणि त्यांना तसं सांगितलं. त्यावर मावशी म्हणाली, "तू शनवारी घरी जातेस."

तेलात राबलेल्यांच्या हातांवर पुरळ उठलं होतं. मी मलम लावत असताना सुपरवायझर उपकेंद्रात येऊन बसायचा, चहा मागायचा. एकदा सगळे निघून गेल्यावर म्हणाला, "परवा शाळेच्या ओट्यावर तालुक्याचे साहेब मीटिंग घेणार आहेत. पाण्यानं कुणाला त्रास झालेला नाही, घाबरू नका, एवढं तुम्ही चार शब्दांत सांगा. तुमचं ऐकतील."

"पाणी तपासून आलंय का?"

"येईल ना. चांगलंच येणार आहे."

न आलेल्या तपासणीचा निकाल याला आधीच कसा माहीत? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण त्याचं माझ्याकडे बसणं पाड्यानं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मलमाला कुणी आलं नाही. मावशीची सून तपासणीला यायची होती, तीही आली नाही. मी तिच्या घरी गेले, तर दार पुढे लोटलेलं आणि आतून बोलण्याचा आवाज. मी हाक मारली. आवाज थांबला, पण दार काही उघडलं नाही. बाहेर उभं राहून मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. परत येताना मात्र वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही उघडलं नसतं.

मग मीही लक्ष ठेवायला लागले. तेलाची माती, पेंढा, चिकट दगड, सगळं गोण्यांत भरून टेम्पोनं जात होतं. ते गुजरातच्या बाजूला अशा घाणीसाठी ठरवून दिलेल्या जागी जातंय, असं सुपरवायझर सांगायचा. त्यासाठी टेम्पोनं मोठ्या रस्त्याला लागायला हवं होतं. उपकेंद्राच्या पायरीवरून त्या रस्त्याचा फाटा दिसतो. टेम्पो फाट्यावरून डोंगराकडे वळायचा आणि फार लवकर रिकामा परत यायचा.

मी मावशीला गाठलं. ती शेळ्या घेऊन निघाली होती.

"मावशी, तू माझ्याशी बोलू नको हवं तर. पण डोंगराकडे टेम्पो जातो, तो कुठं जातो ते तुला ठाऊक असेल."

ती चालतच राहिली. शेळ्या हाकता हाकता म्हणाली, "तूच पाठवत असशील, असा आमी समजलो."

"मी कशाला पाठवीन?"

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "चल."

डोंगराच्या खांद्यावर बंद पडलेली दगडाची खाण आहे. खाणीच्या खालीच दुसरा पाडा, त्यांची विहीर तिथल्याच उतारावर. खाणीत ताजा मुरूम पसरलेला होता. मावशीनं काठीनं मुरूम उकरला. खाली गोणी, तिच्या खाली आणखी गोण्या. एक फुटली होती आणि तिच्यातून काळं पाणी दगडाच्या फटीत उतरत होतं. मावशी खाली बसली, फाटक्या गोणीत हात घालून तिनं पेंढ्याचा जुडगा ओढून काढला. त्याला चिंधीची गाठ होती. तेलानं माखलेली, तरी एका टोकाला लाल फुलं दिसत होती.

"ही माझी फडकी," ती म्हणाली.

जुडगा घट्ट धरून ती उठली. "आमच्या पान्यातला काढला आन् त्यांच्या पान्यात टाकला. त्यांना कळला असता तं आमालाच म्हनले असते." त्या खालच्या पाड्यात तिची लेक दिली होती.

मीटिंगला दोन्ही पाडे आले. साहेब बोलले, सुपरवायझर बोलला, आणि मग त्यानं हसून माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. माझी बदली होऊ शकते, वरून विचारणा होऊ शकते, हे सगळं डोक्यात येऊन गेलं.

"पाणी चांगलं आहे की वाईट, मला माहीत नाही," मी म्हटलं. "तपासणी अजून आलेली नाही. आणि गोण्या गुजरातला गेलेल्या नाहीत. त्या खाणीत आहेत."

सुपरवायझर म्हणाला, "त्या आमच्या नाहीत. खाणीत कुणीही काहीही टाकतं."

मावशी उठली आणि तो जुडगा तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवला. "ह्यो कुनाचा ता बघ, साहेब. ह्यी फडकी माझ्या डोईवरची. झिऱ्यावर ह्या सगळ्यांच्या देखत फाडलीय." मागून बायांचा एकच आवाज उठला. खालच्या पाड्याची माणसं सुपरवायझरच्या गाडीपुढे जाऊन बसली, आणि गोण्या निघाल्याशिवाय उठायला तयार होईनात. साहेबांना तिथूनच फोन लावावे लागले.

गोण्या निघाल्या. भरलेल्या ट्रकमागे पाड्यातली काही माणसं जीप करून थेट गुजरातच्या त्या जागेच्या फाटकापर्यंत गेली. परत आल्यावर सगळ्यांनी गराडा घातला.

"फाटकातून आत गेला," त्यांच्यातला एक म्हणाला. "आत आमाला सोडला नाय."

"म्हंजे आत काय झाला ता ठाव नाय?"

"नाय."

मावशीची सून तपासणीला आली, ती आपल्या आपण. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. सूनबाई मात्र मला सगळं दोनदा विचारायची. ही गोळी कसली, ही का देतेस, तुझ्या सुनेला दिली असतीस का? मला सून नाही, हे तिला ठाऊक होतं.

पाण्याची तपासणी आली. पाणी पिण्यायोग्य, असं साहेबांनी कळवलं. झिऱ्यावर मग कुणी गेलं नाही. गुरांनी तोंड घालू नये म्हणून त्याच्याभोवती काटेरी फांद्या रचल्या. पुढच्या वर्षी डोंगरापलीकडच्या पाझरावरून पाइप टाकून पाड्यात नळ आला. त्या पावसाळ्यात मी आणि मावशी ओहोळ ओलांडत होतो. तिच्या पायाखालचा एक दगड सरकला आणि त्याच्या तळातून पाण्यावर तेलाची रंगीत चकती पसरली. ती वाहत खाली जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

"पिन्याजोगा," मावशी म्हणाली आणि पुढे झाली.