खात्याची बदली

आमच्या गावच्या पोस्टमास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाची मनीऑर्डर आली, कुणाची परत गेली, सगळं बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर जाहीर. माणूस वाईट नव्हता हो, पण पोटात काही ठेवलं की त्यांना अपचन व्हायचं.

माझं पीपीएफ त्यांच्याकडेच होतं. मोखाडा तालुक्यातल्या त्या गावात मी शाळेवर बाई, आमचे हेही तिथेच शिक्षक. लेकीच्या नर्सिंगसाठी पगारातून थोडंथोडं त्या खात्यात टाकायची. व्याजावर कर नाही, कुणाची नजर नाही, असं मला वाटायचं. नजर नाही? डोंबलाची!

माझ्या मोठ्या दिरांना जव्हारच्या रस्त्यावर फिरवायला जीप घ्यायची होती. त्यांनी पैसे मागितले. दादांपुढे आमच्या ह्यांची मान फक्त वर-खाली हलते, आडवी नाही. म्हणून मीच म्हटलं, "भाऊजी, पंधरा वर्षं हात लावता येत नाही त्याला." भाऊजी हळहळले आणि गेले. पुढच्या बाजाराला टपरीवर पोस्टमास्तरांनी त्यांना ज्ञान दिलं, "छे हो! सातव्या वर्षापासून थोडे काढता येतात की. बाईंचं तर सातवं लागलंसुद्धा."

संध्याकाळी भाऊजी पुन्हा दारात. "दिवाळीनंतर बघू," म्हणून कसंबसं वाटेला लावलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक पोस्टात गेले.

"खातं जव्हारच्या बँकेत न्यायचंय."

मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. "स्वतःची बदली होत नाही म्हणून खात्याची करताय होय? पोस्टाला काय धाड भरलीय?"

"तुमचं तोंड!" मी म्हटलं. "लेकीच्या शिक्षणाचे पैसे आहेत ते. तुमच्यामुळे जीपच्या टायरला जायची वेळ आलीय. आणि नीट पाठवा. जुनी तारीख तशीच चालली पाहिजे, नाहीतर पंधरा वर्षं पहिल्यापासून."

मास्तर काहीच बोलले नाहीत. कागदावर शिक्का मात्र असा हाणला की दौत हलली. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या गप्प बसण्याने माझी झोप उडाली. हा माणूस आता मुद्दाम घोळ घालणार, असं मी धरूनच चालले.

मग जव्हारच्या एसटीच्या खेपा सुरू झाल्या. बँकेत विचारावं, कागद आले का? नाही आले. पुन्हा जावं, साहेब जेवायला गेलेत. लेकीची बारावी जवळ येत होती आणि माझी जपमाळ चालू. शेवटी एकदाचं नवं पासबुक हातात पडलं. आधी तारीख बघितली. जुनीच! तिथेच काउंटरवर मी मोठ्याने हसले, शेजारचे गृहस्थ दचकले.

घरी येते तर भाऊजी ओट्यावर. आता मागणार, म्हणून मी पदर खोचला. पण त्यांनी मला असं पाहिलं, जसं नापास पोराकडे आम्ही बघतो.

"सगळे उडवलेस म्हणे? सोनं केलंस की काय?"

टपरीवर विषय निघाला तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले होते, "बाईंची दमडी नाही आता आमच्याकडे." खरंच नव्हती की! जन्मात पहिल्यांदा हा गृहस्थ बातमी अर्धी सांगून थांबला होता. उरलेली अर्धी गावाने रचली. कुणी सोनं म्हणे, कुणी लॉटरी. ह्यांनी तोंड उघडलं, मी डोळे वटारले.

पुढच्या बाजाराला मी मास्तरांना चहा पाजला. कशाबद्दल ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

लेक नाशिकला शिकून नर्स झाली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन काकांच्या पाया पडायला गेली, मीही सोबत होते. भाऊजींचे डोळे भरले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गुणाची पोर ती. आईने पैसे उडवले नसते ना, तर डॉक्टर झाली असती."

मी दुसरा पेढा तोंडात कोंबला.