मागच्या बाजूची चौकशी

आमच्याकडे स्थळ आलं की आधी चौकशी होते. मुलीकडचे दोन पुरुष मुलाच्या गावी जातात, पण त्याच्या घरात पाऊल टाकत नाहीत. भोवती फिरतात. किराणा दुकानात, कृषी केंद्रात, देवळाच्या पायरीवर सहज विचारल्यासारखं विचारतात, घर कसं आहे? माझ्यासाठी वरूडचं स्थळ आलं तेव्हा बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना मी मोठे बाबा म्हणते, असेच गेले आणि अकोल्याला परतले ते खुशीत.

"साऱ्यायनं एकच सांगतलं," मोठे बाबा चहा बशीत ओतत म्हणाले. "घर चांगलं आहे. संत्र्याचे बगीचे, पॅकिंगचा धंदा, पोरगा शांत."

"सगळ्यांनी एकच?" मी विचारलं.

"एकच म्हंजे एकच. शब्द बी तोच."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी तेव्हा अमरावतीला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझा प्रोजेक्ट चंद्राच्या पोटात काय आहे याचा होता. तिथे उतरायचं नाही, खणायचं नाही. यान नुसतं भोवती फिरत ठेवायचं. खाली जड खडक दडलेला असला की यान किंचित ओढलं जातं, त्याचा वेग बदलतो, आणि पृथ्वीवर ऐकू येणाऱ्या त्याच्या रेडिओच्या सुरात बारीक फरक पडतो. तो फरक मोजायचा. यान फार खाली उतरून फिरत असेल तर हेच दडलेले खडक त्याची वाट हळूहळू वाकवतात आणि शेवटी त्याला जमिनीवर आपटतात. कुणी काही करत नाही. ते आपोआप होतं.

"चंद्राचं वजन करून राह्यली का?" मोठे बाबा चिडवायचे. "मंग चक्कीवर ने त्याले. तिथं काटा आहे."

त्याच महिन्यात यानाच्या वेगाचा माझा आलेख एकदम सपाट आला होता. इतक्या दुरुस्त्या केल्या होत्या की एकही चढउतार उरला नाही. मी आनंदाने तो प्रोजेक्टच्या मॅडमना दाखवला. "असा चंद्र नसतो," त्या म्हणाल्या. "जे शोधायचं होतं तेच तू पुसून टाकलंस."

मोठ्या बाबांचं 'शब्द बी तोच' ऐकताना मला ती सरळ रेघ दिसली.

"विचारलं कुणाकुणाला?" मी बाबांना म्हटलं.

"मध्यस्थानं नावं देली होती. संत्र्याचे खोके देणारा, ट्रकवाला, फवारणीचं औषध इकणारा."

म्हणजे सगळे त्या घराशी धंदा करणारे. यान चंद्रामागे गेलं की त्याचा सूर ऐकू येत नाही; मागच्या बाजूचं माणसाला कितीतरी काळ नीट कळलंच नव्हतं. मी विचारलं, "आणि घराच्या मागच्या बाजूला?"

"मांगं बगीचा आहे," मोठे बाबा हसले. "झाडायले इचारू काय?"

घर पाहायला जायच्या दिवशीच सुपारी फुटणार होती. ती फुटली की आमच्याकडे मागे फिरता येत नाही. मुलगी अशा वेळी जात नाही. मी येते म्हटल्यावर बाबांचा चेहरा उतरला, पण आई म्हणाली, "येऊ द्या तिले. राहाचं तिले आहे."

घर खरंच चांगलं होतं. ऐसपैस ओसरी, पुसलेली फरशी, आतून येणारा संत्र्यांचा वास. मुलाची आई मोकळेपणाने हसत होती. त्याची वहिनी पोह्यांच्या प्लेटा मांडत होती आणि तिची लहान मुलगी ओसरीभर पळत होती. खांबाजवळ कुत्रा झोपला होता.

मग तो आला.

तो काही मोठ्याने बोलला नाही. नमस्कार केला, बसला, माझ्या अभ्यासाबद्दल विचारलं. आवाज मऊ होता. पण त्याच्या आईचं हसू मध्येच थांबलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं, निराळं. वहिनीने त्याची प्लेट हात लांब करून ठेवली. मुलगी पळायची थांबली आणि आपल्या आईच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कुत्रा उठून अंगणातल्या ट्रॅक्टरखाली गेला.

त्याला फोन आला. तो बाहेर गेला आणि घर सैल झालं. मुलगी पळू लागली.

मी स्वतःला समजावलं, एकदा झालं तर तो योगायोग असतो. मोजमापात एका फेरीवर कुणी विश्वास ठेवत नाही. दर फेरीला, त्याच जागी, तसंच झालं तरच खाली काहीतरी आहे.

तो परत आला. हसू थांबलं. हात लांब झाला. मुलगी पलीकडे गेली.

सुपारीचं तबक बाहेर आलं तेव्हा मी आईचा पदर धरला. इतक्या लोकांत माझा आवाज फुटला नसता. तिच्या कानात म्हटलं, "नको." आईने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमी घरी बोलून सांगतो."

गाडीत बाबांचा राग फुटला. "काहून पण? त्यानं केलं काय?"

"काही नाही."

"मंग?"

माझ्याकडे पुरावा म्हणून एवढंच होतं. एक कुत्रा आणि एक लहान मुलगी. काचेबाहेर संत्र्याची झाडं काळी होत चालली होती.

"तुमी बी खुर्ची मांगं घेतली होती," आई पुढे बघत म्हणाली. "दोन्ही बार. तो आला तवा."

दुसऱ्या दिवशी बाबांनी नकार कळवला.

पुढच्या महिन्यात दर्यापूरहून कुणा अनोळखी माणसाचा फोन आला. त्यांच्या मुलीसाठी वरूडचं तेच स्थळ आलं होतं. तुम्ही जाऊन आलात म्हणे, घर कसं आहे? बाबा उठून खिडकीशी गेले. मग भराभर म्हणाले, "घर चांगलं आहे."

फोन ठेवून ते तिथेच उभे राहिले. "काय सांगू मी?" ते आईला म्हणाले. "पाह्यलं काय आपण?"

त्या घरीही कुणीतरी आता चहा बशीत ओतत असेल.

मी हात पुढे केला. "फोन मला द्या."

अनोळखी माणसाला मी कधी स्वतःहून फोन लावत नाही. वरूडच्या त्या मुलावर आरोप करण्याइतकं माझ्याजवळ काही नव्हतं, आजही नाही. पण एवढं सांगता येणार होतं, घर पाहायला जाल तेव्हा मुलीला सोबत न्या. त्याच्याकडे बघू नका. तो आत आल्यावर त्या लहान मुलीकडे बघा.

मी तोच नंबर लावला. रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला, आणि पलीकडून माझ्याच वयाच्या एका मुलीचा आवाज आला.