मोहाच्या वाटेवरची अस्वलीण

नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी सुंदराबाई पन्नाशीला टेकलेली. निम्मं आयुष्य वांगी-मिरच्या पिकवून अकोटच्या बाजारात विकण्यात गेलं. मग वनखात्याने गावातल्या बायकांना गाइडचं शिक्षण दिलं, तेव्हा तिने साडीवर खाकी शर्ट चढवला. त्यालाही आता चार वर्षं झाली. पाखरांची नावं तिला लवकर पाठ झाली, पण जंगलाची धास्ती गेली नाही. वाघाचं तिला फारसं काही वाटत नसे; भीती अस्वलाची. तिच्या दिराचा, किसनरावचा, अर्धा चेहरा अस्वलाने ओरबाडून काढला होता. त्याला झोळीतून गावात आणणाऱ्यांत ती होती.

यंदा मार्चमध्ये अकोल्याचे निवृत्त मास्तर महादेवराव कॉलेजातल्या नातीला, प्रतीक्षाला, घेऊन जंगलातली पायवाट फिरायला आले. सकाळची वेळ. मोहाची फुलं गळू लागली होती.

"फुलं खाले अस्वल येते," सुंदराबाईने बजावलं. "माह्या मांगंच राहा."

तरी झाडावरच्या नीलपंखाचा फोटो काढायला प्रतीक्षा वाट सोडून दहा-बारा पावलं आत गेली. तेवढ्यात झुडपामागून आवाज आला, कुणी बशीतला चहा भुरकावा तसा. तो आवाज सुंदराबाईने ओळखला.

"पोरी, पयू नको. हालू नको."

महादेवरावांना वाटेवरच थांबायची खूण करून ती पाय ओढत पोरीजवळ गेली आणि तिचा दंड धरला. झुडूप हललं. अस्वलीण बाहेर आली. पाठीवरच्या केसांत पिल्लू घट्ट चिकटलेलं. दोघींना पाहताच ती मागच्या पायांवर उभी राहिली. लांब, पांढरट नखं उन्हात स्पष्ट दिसली.

"मांगं मांगं चाल. पाठ दाखवू नको."

दोघी दोन पावलं मागे सरल्या आणि अस्वलीण हुंकारत धावून आली. सुंदराबाईने पोरीला मागे ढकललं, दोन्ही हातांनी काठी आडवी धरली. किसनरावचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पाचेक पावलांवर अस्वलीण थबकली. फुरफुरली. पायांखालचा पाचोळा उडाला. मग वळली आणि पिल्लाला घेऊन नाल्यात उतरली.

गेटवर आल्यावर सुंदराबाईने काठी भिंतीला टेकवली.

महादेवरावांनी हात जोडले. "बाई, तुम्ही उभ्या राहिलात म्हणून पोर वाचली."

"उभी कायची राह्यते जी! माहे पायच उचलत नव्हते."

त्याच दुपारी ती वनरक्षक नत्थुजीकडे गेली. मोहाची फुलं संपेपर्यंत ती वाट बंद ठेवा म्हणाली.

"लोक नाराज होतीन, बाई."

"होऊ द्या. ती लेकराले घेऊन पोट भरून राहिली तिथं. आपुन काहून जावं?"

दोन दिवसांनी वाटेवर काटेरी फांद्या आडव्या पडल्या. सुंदराबाई आता पाहुण्यांना तळ्याकडच्या मोकळ्या रस्त्याने नेते. तिथे झाडी विरळ आहे. तरी पाचोळा वाजला की तिचं बोलणं अर्ध्यावर तुटतं, आणि पुढचं पाऊल टाकायला तिला थोडा वेळ लागतो.