सगळ्यांच्या वतीने मी क्रूझ रद्द केली

मंडळी, तासाभरापूर्वी घरी आलोय. चैन नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या चेन्नईच्या मराठी मंडळातल्या बारा जणांची सिंगापूरची क्रूझ ठरली होती. आज वेस्ट मांबलमच्या एजंटने बोलावून सांगितलं, "सर, तेल महागलं. जहाज कंपनीने माणशी फ्युएल सरचार्ज लावलाय."

सगळे खवळले. वीस वर्षं रेल्वे युनियनमध्ये काढलेल्या मी टेबलावर हात आपटला, "एक पैसा जास्त देणार नाही. सगळी तिकिटं रद्द करा!" टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता हा नमणार. त्याने शांतपणे बारा नावं खोडली.

जिना उतरताना आमच्या बारा जणांतल्या पद्माक्का मागे होत्या. तंजावरकडच्या, एकट्या राहतात, वय अडुसष्ट. डेकवर चप्पल घसरते म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले होते. सवय व्हावी म्हणून आज घालून आल्या होत्या.

"मी भरले असते रे," त्या म्हणाल्या. "जन्मभर समुद्र काठावरूनच पाहिला."

धावत वर गेलो, अक्कांचं नाव परत घाला म्हटलं. एजंट म्हणाला, "सर, ग्रुप तुम्हीच मोडलात. त्या जागा आता गेल्या."

खाली आलो, तर अक्का बूट पिशवीत घालून अनवाणी उभ्या होत्या.

सांगा, उद्या कुठल्या तोंडाने त्यांच्या दारात जाऊ?